कोरी पट्टी

भंवरकुआला, दोन कोचिंगच्या जिन्यांमध्ये
माझं झेरॉक्सचं दुकान.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे प्रश्न काढून देतो:
टाकीला दोन नळ, समोरून येणारी गाडी,
गोल टेबलाभोवती पाच मित्र, तर विनोदच्या डावीकडे कोण.
उत्तरं मला कधी लागली नाहीत.
पान काचेवर सरळ बसलं की माझं काम झालं.

मे महिन्यात पोरं पेढे घेऊन येतात.
अंकल, बंगलोर. अंकल, लखनौ.
मी म्हणतो, वा भिया,
आणि पेढा मशीनच्या झाकणावर ठेवतो.
मला गोड बंद आहे.

यंदा पेढा घरचाच.
केतकीला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं:
एक कलकत्त्याहून,
एक इथूनच, राऊच्या टेकडीवरून,
जिथून विसरलेला स्वेटर न्यायला
संध्याकाळी बसने घरी येता येतं.

दोन्ही मोठी. दोन्हीच्या फीचे आकडे
मी एकदा वाचले आणि चष्मा पुसला.

रामबागेतल्या आत्या म्हणाल्या, टेकडीवर असली
की संक्रांतीचा तिळगूळ तरी हातात देता येईल.
मुळ्ये म्हणाले, नाव बघा, नाव.
मुळ्यांनी मिल बंद होईपर्यंत नावच बघितलं होतं.
तिची आई खंडव्याला शाळेत, शनिवारीच घरी येते;
ती फोनवर इतकंच म्हणाली, तिला ठरवू दे,
आणि नंतर बराच वेळ फोन ठेवला नाही.

केतकीने रद्दी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला तक्ता आखला.
फी. कर्ज. हप्ता किती वर्षं.
पगार, सगळ्यात वरचा नाही, मधला.
शिकवणारे. हवा. मासे (हा विनोद असावा).
शेवटचा कॉलम बारीक अक्षरात:
बाबांची शुगर.

म्हणाली, दोन कॉप्या काढा, एक आईला पाठवते.

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे.
नोट्सवरचा कोचिंगचा शिक्का लपवायचा असला
की त्यावर कोरी पट्टी ठेवायची.
पोरं नजरेनेच सांगतात, मी विचारत नाही.
ती पट्टी मी त्या कॉलमवर ठेवली.
हिरवा उजेड सरकत गेला, परत आला.

तिने कॉपी उजेडात धरली.
एक कॉलम उडालाय, बाबा.
मशीन जुनं झालं, मी म्हणालो.

ती याच मशीनच्या उबेला बसून पाढे शिकली आहे.
मशीन चुकतं तेव्हा फरफटत चुकतं,
इतक्या सरळ कडांनी नाही.

काही बोलली नाही. गल्ल्यातली पेन्सिल घेतली,
कोऱ्या जागेत एकीकडे लिहिलं: बस, दर थोड्या वेळाने.
दुसरीकडे: शिप्रा एक्सप्रेस, आठवड्यातून तीनदा.
मग स्टुलावर बसून दोन्हीकडे बघत राहिली,
पोरं हुशार असतात ती चुकीच्या पर्यायाकडे
जास्त वेळ बघतात, तशी.

मुदत पाचपर्यंत होती.
पाचला सात मिनिटं असताना एक मुलगा आला,
चाळीस पानं, डबल साइड.
मी मोजत होतो. मागे तिच्या फोनवर
अंगठा एकदाच टेकल्याचा आवाज झाला,
म्हणजे आवाज होत नाही, पण झाला.
मी एकतीस म्हणालो, मग पुन्हा एकतीस.

आठवड्याने ती बँकेचे कागद घेऊन आली.
जामीनदार म्हणून सही माझी. तीन प्रती.
पान काचेवर उलटंच ठेवावं लागतं.
झाकण लावायच्या आधी मी ते सुलटं केलं
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
गिऱ्हाइकाचा कागद वाचला.

कलकत्ता.
खाली माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं.

ती म्हणाली, किती झाले?
सहा रुपये, मी म्हणालो,
आणि तिने खरंच दिले.
रात्री शटर ओढण्याआधी
कुणाच्या तरी डब्यातला पेढा
मी अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा
कागदात बांधला. कागदाची एक बाजू
अजून कोरी होती.